बॅटरीची गाडी घेताना आधी फेरी मोजा



दिवाळी झाली. बहुतेकांचे सोयाबीन विकून झाले, कपाशीच्या पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस घरात येऊन पडला. वर्षात चार पैसे एकदम हातात दिसतात ते याच दिवसांत, आणि त्या पैशांना वाटा फुटतात तेही याच दिवसांत. सध्या कोणत्याही गावी गेलो आणि तूर-हरभऱ्याचे बोलून झाले, की उठता उठता कोणीतरी विचारतोच, "साहेब, थे चार्जिंगची गाडी कशी असते? पोरीले रोज अमरावतीले जा लागते. घ्याव म्हनतो."

हा विषय शेतीचा नाही असे म्हणून टाळता आला असता. पण पैसा शेतीचा आहे आणि शिक्षण शेतकऱ्याच्या लेकरांचे आहे. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. खरी अडचण बारावीनंतर सुरू होते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले हे चांगलेच झाले, पण कॉलेजच्या वेळेला गाडी फाट्यावर थांबली पाहिजे ना! २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप चालला. त्या महिन्यांत कोणाच्या मुलीचे कॉलेज चालू राहिले आणि कोणाचे सुटले, हे ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक आहे. म्हणून दुचाकीचा विचार चुकीचा नाही. मात्र ही खरेदी सत्तर-ऐंशी हजारांपासून दीड लाखापर्यंतची, म्हणजे बैलजोडीच्या तोडीची आहे. ती बैलजोडीसारखीच पारखून केली पाहिजे.

बैल घेताना तुम्ही त्याची झूल पाहत नाही. दात पाहता, खूर पाहता, जुंपून चालवता, आणि तो कोणाच्या दावणीचा हे विचारता. गाडीच्या दुकानात मात्र आपण रंग पाहतो, काचेवर दिसणारे आकडे पाहतो आणि हप्ता विचारतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. बॅटरीची गाडी भरवशाची निघेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते: तुमची रोजची फेरी, तुमच्या घरची वीज आणि जवळची दुरुस्ती. या तिन्ही गोष्टी दुकानात नाहीत, तुमच्याकडे आहेत. त्या पाहूनच दुकानाची पायरी चढावी.

फेरीचे माप

आधी कागद-पेन्सिल घ्या. घरापासून कॉलेज किंवा कामाच्या जागेपर्यंतचे अंतर शेजाऱ्याच्या मोटारसायकलच्या मीटरवर मोजा. समजा गाव अमरावतीपासून २० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ४० झाले. शहरातल्या शहरात शिकवणी, दवाखाना, बाजार मिळून ५ धरा. रोजची फेरी ४५ किलोमीटर झाली. आता तिची दीडपट करा. साधारण ७० किलोमीटर आले. गाडी नवी असताना आपल्या रस्त्यावर, आपल्या ओझ्याने, एका चार्जिंगमध्ये निदान इतकी चालली पाहिजे.

दीडपट कशासाठी? एक तर बॅटरी दरवर्षी थोडी थोडी झिजते. चार-पाच वर्षांत तिची वीज धरण्याची ताकद पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी होऊ शकते. दुसरे, एखाद्या रात्री लाइट जाते आणि गाडी अर्धीच चार्ज होते. तिसरे, मागे बहीण किंवा मैत्रीण बसली, समोरून वारा असला, गाडी पळवली, की वीज जास्त लागते. नांगरटीला आणि डवरणीला बैलाचा दम सारखा लागत नाही, तसेच हे आहे.

आता बॅटरी किती मोठी हवी ते पाहू. बॅटरीवर 'किलोवॅट-अवर' असा आकडा असतो. त्याला बिचकू नका. एक किलोवॅट-अवर म्हणजे तुमच्या वीजबिलावरचे एक युनिट. अडीच किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज मावणारी घागर. साधारण वेगाने चालवल्यास एका युनिटात ३० किलोमीटरच्या आसपास गाडी जाते, असा ठोकताळा धरावा. म्हणजे ७० किलोमीटरसाठी सव्वादोन ते अडीच युनिटांची बॅटरी हवी. दुकानदार 'शंभर चालते' म्हणाला तर घागर किती युनिटांची ते विचारा आणि तिसाने गुणा. जाहिरातीतले अंतर चाचणीतले असते. त्याचे चार भाग केले तर तीनच आपले समजावेत.

अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे दोन्ही बाजूंनी लागू पडते. लहान बॅटरी घेतली तर पोर संध्याकाळी रस्त्यात अडकेल. उगाच मोठी घेतली तर तीस-चाळीस हजार रुपये न वापरता पडून राहतील. अकोला शहरातच खोली करून राहणाऱ्या आणि रोज दहा-बारा किलोमीटर फिरणाऱ्या मुलाला मोठ्या बॅटरीचे काम नाही.

दोन जाती, दोन कायदे

बाजारात या गाड्यांच्या दोन जाती आहेत. पहिली हळू चालणारी. तिची मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो. तिला नोंदणी लागत नाही आणि परवानाही लागत नाही. दुसरी वेगाची. तिला आर.टी.ओ.ची नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट हे सर्व लागते. तिची नंबरपाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी असतात. अमरावतीची एम.एच.-२७ किंवा अकोल्याची एम.एच.-३० अशी हिरवी पाटी तुम्ही पाहिली असेलच.

फसगत या दोहोंच्या मध्ये होते. काही विक्रेते गाडी कागदावर हळू जातीची दाखवतात आणि एक वायर बदलून ती ताशी ४५-५० ने पळवून दाखवतात. 'ना पासिंग, ना लायसन' असे वर कौतुकाने सांगतात. अशा गाड्यांविरुद्ध आपल्या राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये मोहीम घेतली होती. वेग वाढवलेली गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन ठरते. तिच्या धक्क्याने एखादा माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई देणारी विमा कंपनी मागे नसते. ती भरपाई घरावर आणि वावरावर येते. पाच-सात हजारांच्या नोंदणी-विम्यासाठी वावर पणाला लावू नये.

आणखी एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवावी. मुलगा अकरावीला गेला म्हणून त्याच्या हाती वेगाची गाडी देऊ नका. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना निघेपर्यंत थांबा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते.

रस्ता कोणता, यावरही जात ठरते. बोरगाव मंजू किंवा मूर्तिजापूरकडून अकोल्याला येणाऱ्यांचा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. याच महामार्गावर लोणी ते माना या टापूत जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला तसा ट्रक-ट्रॅव्हल्सचा वेगही वाढला. अशा रस्त्यावर ताशी २५ ची गाडी म्हणजे वाटेत सोडलेली बंडी. महामार्गावरून रोज जाणे असेल तर नोंदणीचीच गाडी घ्यावी आणि चालवणारा व मागे बसणारा अशा दोघांनीही हेल्मेट घालावे. हळू जातीची गाडी शहरातल्या गल्ल्यांसाठी ठीक आहे.

बॅटरीचे बियाणे ओळखा

बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग वाचल्याशिवाय तुम्ही पैसे देत नाही. बॅटरीचाही टॅग वाचावा.

सर्वांत स्वस्त गाड्यांत शिसे-आम्लाची बॅटरी असते. इन्व्हर्टरला असते त्याच कुळातली. ती जड असते आणि रोज पूर्ण उतरवून पुन्हा भरली तर एक-दीड वर्षात थकते. रोजच्या कॉलेजच्या फेरीला ती घेऊ नये.

दुसरी लिथियमची. तिच्यातही दोन प्रकार आहेत. एकाला 'एन.एम.सी.' म्हणतात. ती वजनाला हलकी असते आणि कमी जागेत जास्त वीज धरते. दुसरीला 'एल.एफ.पी.' म्हणतात, म्हणजे लोह-फॉस्फेटची. ती थोडी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि जास्त वेळा चार्ज होते. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली उभी केलेली गाडी त्याहूनही तापते. सारख्या भावात दोन्ही मिळत असतील तर वऱ्हाडच्या उन्हाला एल.एफ.पी. अधिक मानवते. एन.एम.सी. वाईट असे नाही. तिला सावली आणि चांगली राखण जास्त लागते, एवढेच.

२०२२ साली देशात अनेक ठिकाणी या गाड्यांना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. या नियमाचे नाव एआयएस-१५६. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला लागू झाला. म्हणून जुनी गाडी घेत असाल तर बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख पाहा. एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ती स्वस्तातही नको.

कापसाच्या खोलीत चार्जिंग नको

आता जे सांगतो ते घरातल्या बायाबापड्यांपासून लहान पोरांपर्यंत सर्वांना वाचून दाखवा.

आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. माजघरात गंजी, ओसरीत सोयाबीनची पोती, गोठ्यात कुटार आणि अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग असतो. अशा घरात चार्जिंगची जागा फार विचाराने ठरवावी लागते. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर ती आतल्या आत तापत जाते, विषारी धूर सोडते आणि लवकर विझत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दगावला. चांगल्या कंपनीच्या, चाचणी झालेल्या बॅटरीत असे क्वचितच घडते. पण घरात कापूस असताना 'क्वचित' या शब्दावर विसंबू नये.

नियम साधे आहेत. कापूस, कुटार, फवारणीची औषधे आणि गॅसची टाकी यांच्यापासून दूर, छत आहे पण हवा खेळती आहे अशा जागी गाडी लावा. घराच्या एकुलत्या एका दारात किंवा जिन्याखाली लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. माणसे झोपतात त्या खोलीत बॅटरी चार्ज करू नका. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलांनी बॅटरी काढून वर नेली, तर ती गादीवर न ठेवता उघड्या फरशीवर ठेवावी आणि जागे असेपर्यंतच चार्ज करावी. धूर दिसला तर आधी माणसे बाहेर काढा, जमल्यास मेन स्विच पाडा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. पेटलेली गाडी ओढून बाहेर काढायला जाऊ नका.

विजेचेही पाहून घ्या. चार्जर चार-पाच तास सलग वीज ओढतो. ढिला प्लग, पातळ वायर, जोडावर जोड दिलेला बोर्ड इतक्या वेळात तापतो. त्यासाठी मेनपासून वेगळी, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून पॉवर प्लग बसवून घ्या. सोबत एम.सी.बी. आणि गळती पकडणारा स्विच लावा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा. हे काम दोन-चार हजारांत होते. गाडी येण्याआधी करावे, नाहीतर बैल गेला नि झोपा केला अशी गत होते.

ज्या गावांत गावठाणची आणि शेतीची लाइन वेगळी झालेली नाही, तिथे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की घरातले व्होल्टेज पडते आणि चार्जर बंद पडतो. गाडी घेण्याआधी आठ दिवस रात्री वायरमनच्या मीटरने व्होल्टेज पाहा. दुसरे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे म्हणून विहिरीवर नेऊन गाडी चार्ज करण्याची युक्ती काहीजण सांगतात. तसे करू नका. शेतीच्या जोडणीवरून दुसरे काम करणे हा वीज कायदा २००३ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. सोबतच, विहिरीवरची वीज आज दिवसा तर उद्या रात्री, तिच्यावर कॉलेजची वेळ सांभाळता येत नाही.

दोन उन्हाळे काढलेली गाडी पाहा

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना चेतक आणि लूना ही नावे चांगली आठवतात. दोन्ही १९७२ मध्ये आल्या. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आता ही दोन्ही नावे विजेवर परत आली आहेत. चेतक जानेवारी २०२० मध्ये आली, ई-लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये. पण नाव ओळखीचे म्हणून आतले यंत्रही ओळखीचे, असे समजू नये. जुनी लूना बंद पडली तर गावातला मिस्त्री प्लग घासून, कार्बोरेटर फुंकून ती चालू करी. या गाडीत बॅटरी, मोटर आणि त्यांना चालवणारा कंट्रोलर आहे. तिथे गावच्या मिस्त्रीचे हात थांबतात.

म्हणून कंपनी कितीही मोठी असो, तिचे दुरुस्ती केंद्र अमरावतीत किंवा अकोल्यात आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. विक्रीचे दुकान वेगळे आणि दुरुस्तीचे केंद्र वेगळे. केंद्राच्या अंगणात धूळ खात किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा. आलेल्या गिऱ्हाइकाला विचारा, "भाऊ, किती दिवस झाले?" हे एवढे विचारणे दहा जाहिरातींहून मोलाचे आहे. देशात एकेकाळी विक्रीत पुढे असलेली विजेच्या दुचाकींची एक कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कामकाजात गेली. कंपनी बसली की वॉरंटीचा कागद नुसता कागद राहतो. म्हणून नव्या, अनोळखी कंपनीची गाडी केवळ दहा हजारांनी स्वस्त म्हणून घेऊ नये.

बियाण्याची उगवण तपासायला आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो. गाडीची उगवण तपासायची रीत अशी. आपल्याच भागात ज्या गाडीने दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढले आहेत तिचा मालक शोधा. त्याला चार प्रश्न विचारा. नवी असताना किती चालायची आणि आता किती चालते? किती वेळा बंद पडली? सुटा भाग किती दिवसांत मिळाला? पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेशील का? जी गाडी आपल्या भागात अजून दोन उन्हाळे जगलेलीच नाही, तिचा पहिला प्रयोग आपल्या वावरात कशाला?

आपल्या मातीचेही पाहा. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात घट्ट बसते आणि चाक जाम होते. चाक आणि मडगार्ड यांत बोट जाईल एवढी तरी फट हवी. बॅटरीवर 'आय.पी.-६७' लिहिलेले असले तर ती नवी असताना पाण्यापासून चांगली बंद असते, पण म्हणून पुरातल्या नाल्यातून गाडी घालू नये. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या वाचकांनी विहिरीच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुऊ नये. वायरच्या जोडांवर मीठ बसते आणि जोड कुजतात. ओल्या फडक्याने पुसावी. मागच्या चाकातच मोटर असेल तर पंक्चरवाला चाक काढायला कचरतो. त्यासाठी बिनट्यूबचे टायर असलेली गाडी बरी.

पैशांचा हिशेब

रोज ४० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर महिन्याला १,००० किलोमीटर होतात. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर चालली तर २२ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर २,३०० रुपये. बॅटरीच्या गाडीला चार्जरमधली घट धरून ३५ युनिट लागतील. घरचे बिल शंभर युनिटांच्या पुढे गेले की दर चढतो, म्हणून युनिटला १२ रुपये धरू. ४२० रुपये झाले. महिन्याला साधारण १,९०० रुपये वाचले. कॉलेजचे दहा महिने धरले तर वर्षाला १९,००० रुपये.

हे ऐकून हुरळून जाऊ नका. नवी बॅटरी घ्यावी लागली तर आकारमानाप्रमाणे चाळीस ते साठ हजारांचा खर्च असतो. म्हणून वाचलेल्या १,९०० पैकी दरमहा हजार रुपये पोस्टात किंवा बचत गटात बाजूला टाका. बॅटरी टिकली तर ते पैसे पोरीच्या फीला कामी येतील. रोजची फेरी पंधरा किलोमीटरच्या आत असेल तर बचत इतकी थोडी होते की घरातली जुनी, चालती पेट्रोलची गाडी विकून नवी घेण्यात फारसा अर्थ नाही.

सबसिडीच्या भरवशावर खरेदी ठरवू नका. केंद्राची मदत जून २०२१ मध्ये दर किलोवॅट-अवरला १५,००० रुपये होती. जून २०२३ मध्ये ती १०,००० झाली, एप्रिल २०२४ पासून ५,००० आणि पुढे आणखी निम्मी. घेण्याच्या दिवशी जी असेल ती दुकानदाराने बिलातच वजा करून दाखवायची असते. त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. जी.एस.टी. पाच टक्के आहे, तोही बिलावर पाहा.

आणि पीककर्जाच्या पैशातून गाडी घेऊ नका. ते पैसे खत-बियाण्याचे आहेत. गाडीत घातले तर पुढच्या मृगाला सावकाराची पायरी चढावी लागते. हप्त्याने घेणार असाल तर हप्ता पेट्रोलच्या बचतीच्या फार वर जाता कामा नये. काही कंपन्या बॅटरी भाड्याने देतात आणि गाडी स्वस्त दिसते. अशा वेळी दर किलोमीटरचे भाडे, दरमहा निदान किती भरावे लागते आणि भाडे थकले तर गाडी बंद करतात का, हे तिन्ही लेखी घ्या.

कोणी घेऊ नये

ज्यांचे गाव शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे आहे आणि शहरात दिवसा चार्जिंगची सोय नाही, त्यांनी तूर्त घेऊ नये. ज्यांच्या घरी कापसापासून दूर, अर्थिंग असलेली जागा होऊ शकत नाही, त्यांनी घेऊ नये. ज्यांना एकच गाडी घ्यायची आहे आणि तिच्यावरच दुधाचे कॅन, खताची पोती, रात्री-बेरात्रीचा दवाखाना हे सर्व करायचे आहे, त्यांनीही दहादा विचार करावा. अशांना पेट्रोलची गाडी किंवा एस.टी.चा पासच बरा. पंधरा ते पंचवीस किलोमीटरवरून रोज ठरावीक वेळेला जाणे-येणे असलेल्यांना मात्र ही गाडी चांगली साथ देते.

कापून ठेवण्यासाठी: दुकानात विचारायचे प्रश्न

१. बॅटरी किती किलोवॅट-अवरची? एल.एफ.पी. की एन.एम.सी.? तयार झाल्याची तारीख कोणती?
२. नोंदणी होते की नाही? होत नसेल तर मोटर किती वॅटची आणि वेग किती? चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र दाखवा.
३. बॅटरीची वॉरंटी किती वर्षे आणि किती किलोमीटर? क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळते?
४. मोटर, कंट्रोलर आणि चार्जर यांची वॉरंटी वेगळी आहे का?
५. आज नवी बॅटरी घ्यायची तर किंमत किती? लिहून द्या.
६. दुरुस्ती केंद्र कुठे? गाडी गावात बंद पडली तर कोण नेणार आणि कोणाच्या खर्चाने?
७. फोनशिवाय, इंटरनेटशिवाय गाडी चालू होते का? दरवर्षी काही पैसे भरावे लागतात का?
८. विमा, नोंदणी, चार्जर धरून एकूण किंमत किती? सर्व पक्क्या बिलावर हवे.

बिल, वॉरंटी कार्ड आणि बॅटरीचा क्रमांक सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवा. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

गाडी घरी आल्यावर राखण सोपी आहे. उन्हातून आली की लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्या. कंपनीचाच चार्जर वापरा. पार उतरू देऊ नका. सुट्टीत महिनाभर उभी ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. बॅटरी कोणाला उघडू देऊ नका. थकलेली बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

शेवटचे सांगणे घरातल्या कर्त्या माणसांना आहे. ज्या मुलीसाठी गाडी घेता तिला दुकानात सोबत न्या. गाडीचे वजन शंभर-सव्वाशे किलोच्या घरात असते. ती स्टँडवर तिलाच चढवायची आहे, चिखलातून तिलाच ढकलायची आहे. सीटवर बसून तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, ते पाहा. तुम्ही रंग पसंत कराल, मामा कंपनी पसंत करील, पण रोजचे चाळीस किलोमीटर तिचे आहेत. प्रश्नांचा कागद तिच्याच हाती द्या आणि तिलाच विचारू द्या.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे बोलू. तोवर शेतात पक्षीथांबे लावायला विसरू नका.